वृद्धाचा श्वास आणि शल्यवैद्याचा हिशेब

‘वय झालें होतें’ या तीन शब्दांनीं आपल्या घरांतील जितक्या मृत्यूंचा निकाल लागतो, तितक्यांचा निकाल दुसऱ्या कोणत्याहि निदानानें लागत नसेल. हे शब्द सांत्वनाचे आहेत, आणि त्यांत दयाहि आहे. म्हणून भेटीस आलेलीं माणसें ते उच्चारतात व घरचीं माणसें ते निमूटपणें ऐकून घेतात. परंतु सांत्वनाच्या शब्दांनीं शास्त्राचें काम चालवूं म्हटलें म्हणजे घोटाळा होतो. सत्तरी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या छातीवर शस्त्रक्रिया होते; ती उत्तम रीतीनें पारहि पडते; तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ताप चढतो, धाप लागते, फुफ्फुसाचा एक भाग हवेवांचून मिटून जातो किंवा त्यांत न्यूमोनिया शिरतो, आणि आठवड्याच्या आंत सर्व आटोपतें. अशा वेळीं दोष कोणाचा, या प्रश्नास ‘वयाचा’ हें उत्तर ठरलेलें असतें. एवढेंच नव्हे, तर या उत्तराची धास्ती घेऊन कित्येक कुटुंबांत शस्त्रक्रियेचा विचारच अगोदर सोडून दिला जातो. ‘या वयांत कशाला हाल करावयाचे?’ असें म्हणून वडिलांस घरीं परत आणलें जातें. हा निर्णय कधीं शहाणपणाचा असतो व कधीं निव्वळ भीतीचा. आणि त्यांतला भेद कळावयाचा तर वय म्हणजे नेमकें काय, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं. इतिहास शिकविणें हा त्याचा व्यवसाय आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या मोठ्या शब्दानें सर्व कांहीं उलगडतें असें वाटतें, तो शब्द बहुधा पांच-सात निरनिराळ्या कारणांचें गाठोडें असतो. पेशवाई कां बुडाली, या प्रश्नास ‘दैव फिरलें’ हें जसें उत्तर, तसेंच वृद्धाच्या मृत्यूस ‘वय’ हें उत्तर. तें खोटें नसतें, पण तें विचार थांबवितें. छातीच्या शस्त्रवैद्यकाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा हें गाठोडें सोडून पाहण्याचाच इतिहास आहे, असें दिसून येईल.

छाती ही शल्यवैद्यास फार काळ निषिद्ध भूमि होती. पोट उघडतां येई, कवटीला भोंक पाडतां येई, हातपाय कापतां येत. पण छाती उघडली कीं रोगी गुदमरे. याचें कारण शरीराच्या रचनेंत आहे. फुफ्फुसें स्वतः स्पंजासारखीं लवचिक असून त्यांची ओढ सदैव आकसण्याकडे असते. बंद छातीच्या पोकळींत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां कमी राहतो, म्हणूनच तीं फुगलेलीं राहतात. बरगड्यांमधून वाट पडून बाहेरची हवा आंत शिरली, कीं फुफ्फुस आकसून मुठीएवढें होतें. व्हेसेलियस या शरीरशास्त्रज्ञानें इ. स. १५४३ मधील आपल्या ग्रंथांत हें वर्णिलें होतें. आणि प्राण्याच्या श्वासनलिकेंत बोरूची नळी बसवून तींतून फुंकर घातली तर मिटलेलें फुफ्फुस पुन्हां फुलतें व मंदावलेलें हृदय पुन्हां चालूं लागतें, असेंहि लिहून ठेविलें होतें. उपाय हातीं होता. पण त्याचा उपयोग शस्त्रक्रियेच्या मेजावर व्हावयास साडेतीनशेंहून अधिक वर्षें लागलीं.

१९०४ सालीं ब्रेस्लाउ येथें (हें शहर आज पोलंडांत व्रोत्स्वाफ या नांवानें ओळखलें जातें) मिकुलिझ या नामांकित शल्यवैद्याचा तरुण साहाय्यक साउअरब्रुख यानें एक विलक्षण पेटी तयार केली. रोग्याचें डोकें बाहेर, धड पेटींत, शल्यवैद्य व त्याचे मदतनीसहि पेटींतच, आणि पेटींतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां कमी. पहिल्या रोग्याच्या वेळीं पेटीची हवाबंदी बिघडली व रोगी दगावला. तथापि प्रयोग सोडला गेला नाहीं, व पुढें यश आलें. पांच वर्षांनीं, १९०९ मध्यें, न्यूयॉर्क येथें मेल्टझर व आउअर यांनीं श्वासनलिकेंत नळी घालून तींतून हवा सोडण्याची सुटसुटीत रीति दाखविली आणि खोलीएवढ्या पेटीची गरजच उरली नाहीं. व्हेसेलियसच्या बोरूला अखेर वंशज लाभला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें पहिलें संकट वयाचें नव्हतें. उघड्या छातीनें वीस वर्षांचा पैलवान जितका गुदमरे, तितकाच ऐंशींचा म्हाताराहि. १९१८ सालीं अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत याचा भयंकर पडताळा आला. गोवर व इन्फ्लुएंझा यांच्या पाठोपाठ न्यूमोनिया होऊन हजारों तरुण शिपायांच्या छातींत पू होत असे. ‘पू दिसला कीं वाट करून द्यावी’ या जुन्या न्यायानें शल्यवैद्य ताबडतोब छाती उघडीत, आणि सरासरी शंभरांतील सुमारे तीस शिपाई मरत. एव्हर्ट्‌स ग्रॅहम ज्या समितींत होता, तिनें दाखवून दिलें कीं, न्यूमोनिया भरांत असतां छाती उघडणें हेंच मृत्यूचें कारण आहे. आधीं पिचकारीनें पू काढावा, आणि फुफ्फुस आजूबाजूस चिकटून बसल्यावर मग वाट करावी. हा नियम पाळतांच मृत्यूचें प्रमाण शेंकडा पांचाच्या आसपास उतरलें. मरणारे विशी-बाविशीचे होते. ते म्हातारे असते, तर चुकीच्या वेळीं धरलेल्या शस्त्राचा दोष बिनबोभाट त्यांच्या वयावर गेला असता.

दुसरें संकट अधिक कावेबाज होतें. मेजावर सर्व ठीक होई, आणि घात पुढें अंथरुणावर होई. आरंभीं सर्वांनीं बोट दाखविलें तें ईथराकडे: भुलीच्या वाफेनें फुफ्फुस जळतें, म्हणून न्यूमोनिया होतो. हा तर्क पटण्यासारखा होता. पण मिकुलिझच्याच रुग्णालयांत पोटाच्या शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून होऊं लागल्या, आणि ईथराचा थेंबहि न घेतलेल्या रोग्यांस न्यूमोनिया होतच राहिला. मग दोष कशाचा? लंडन येथील वैद्य विल्यम पाश्चर यानें १९०८ व १९१० सालीं या प्रश्नास नवें वळण दिलें. शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाचा मोठा भाग हवा नाहींशी होऊन मिटून जातो, न्यूमोनिया हा कित्येकदां त्यामागून येणारा पाहुणा असतो, हें त्यानें दाखविलें. श्वासपटल लुळें पडल्यानें असें होतें, हें त्याचें मत. इलियट व डिंगली यांनीं १९१४ मध्यें कफाच्या बुचाकडे लक्ष वेधलें: खोकला दाबला गेला, कीं कफ साचतो, कफानें श्वासनलिकेची शाखा बंद झाली, कीं तिच्यापलीकडची हवा रक्तांत शोषली जाते व तो भाग मिटतो. पुढें १९३३ सालीं बीचर यानें मोजमाप करून दाखविलें कीं, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर रोग्याची श्वास भरून घेण्याची शक्ति निम्म्याच्या आसपास येते. जखम दुखते म्हणून तो दीर्घ श्वास घेत नाहीं. दीर्घ श्वास नाहीं म्हणून खोकला नाहीं. खोकला नाहीं म्हणून कफ, आणि कफ म्हणून रोग. जखम प्रत्यक्ष छातीवर असेल तर ही सांखळी किती घट्ट आवळली जाईल, हें सांगावयास नकोच.

या ज्ञानाच्या बळावरच पुढचें धाडस झालें. १९३१ सालीं बर्लिन येथें रुडॉल्फ निसेन यानें बारा वर्षांच्या एका मुलीचें एक संबंध फुफ्फुस काढलें व ती वांचली. ५ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथें त्याच एव्हर्ट्‌स ग्रॅहमनें पिट्सबर्गच्या एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या प्रसूतिवैद्याचें कर्करोगानें ग्रासलेलें डावें फुफ्फुस एका बैठकींत काढून टाकलें, व रिकामी पोकळी बसावी म्हणून कांहीं बरगड्याहि काढल्या. रोग्यास बरेंच सोसावें लागलें, पण तो बरा होऊन पुन्हां आपल्या व्यवसायास लागला. एक बालिका, एक प्रौढ. वृद्धांची पाळी शेवटीं आली, आणि ती येईपर्यंत वृद्धांविषयींचें मत मात्र पुराव्यावांचूनच कायम झालें होतें.

आतां गाठोड्यांतील एकेक जिन्नस बाहेर येऊं लागला. १९४४ सालीं मॉर्टन नांवाच्या इंग्लिश भूलतज्ज्ञानें ‘लॅन्सेट’ पत्रांत लिहिलें कीं, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाचे उपद्रव तंबाखू ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या सुमारें सहापट आढळतात. हा आंकडा वयाच्या दृष्टीनेंहि महत्त्वाचा आहे. सत्तर वर्षांच्या माणसानें पन्नास वर्षें विडी ओढली असेल, तर त्याच्या फुफ्फुसांत जें जमलें आहे तें सत्तर वर्षांचें कीं पन्नास वर्षांच्या धुराचें? जन्मपत्रिका दोन्ही एकत्रच मोजते. तंबाखूच्या बाबतींत नियतीनें स्वतः ग्रॅहमशींच हिशेब केला. १९५० मध्यें वाइन्डर या तरुण सहकाऱ्यासह त्यानें सिगारेट व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा प्रख्यात लेख प्रसिद्ध केला. तो स्वतः अनेक वर्षांचा धूम्रपानी होता. पुराव्यापुढें मान तुकवून त्यानें सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ सालीं त्याच रोगानें तो मरण पावला. ज्याचें फुफ्फुस त्यानें १९३३ मध्यें काढलें होतें, तो रोगी त्याच्यामागें १९६३ पर्यंत जगला.

दुसरा जिन्नस म्हणजे अंथरूण. शस्त्रक्रियेनंतर रोग्यास दोन-तीन आठवडे हलूं न देणें ही एके काळीं सेवेची परमावधि समजली जाई. शिकागोच्या एमिल रीस यानें १८९९ मध्येंच रोग्यांस लवकर उठवून चालविण्याची शिफारस केली होती. ती फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. १९४० च्या सुमारास लायथाउझर यानें तीच गोष्ट पुन्हां नेटानें मांडली, आणि युद्धकाळांत खाटा व परिचारिका यांची टंचाई पडल्यानें ती रुग्णालयांच्या गळीं उतरली. तिसरा जिन्नस श्वासाच्या शिक्षणाचा. पहिल्या महायुद्धांत लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वाचादोषांवर शिक्षण देणारा मॅकमॅहन हा छातींत जखमा झालेल्या सैनिकांस दीर्घ श्वासाचे व्यायाम देऊं लागला. त्याविषयीं त्यानें १९१५ मध्यें लिहिलें. १९३४ पासून ब्रॉम्प्टन रुग्णालयांत विनिफ्रेड लिंटन या बाईंनीं छातीच्या शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर असे व्यायाम नियमानें चालू केले. ‘आधीं’ हा शब्द येथें महत्त्वाचा. जखम दुखत असतां दीर्घ श्वास घेण्याची विद्या शिकतां येत नाहीं. ती अगोदर शिकून ठेवावी लागते. चौथा जिन्नस प्रत्यक्ष श्वास चालविण्याचा. १९५२ सालीं कोपनहेगन येथें बालपक्षाघाताची सांथ आली, तेव्हां ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, रबरी पिशव्या हातानें दाबून रोग्यांचा श्वास चालविला. त्या प्रसंगांतून आजचा अतिदक्षता विभाग उदयास आला, आणि ज्या वृद्धाचा श्वास पूर्वीं तिसऱ्या दिवशीं तुटला असता त्यास आणखी आठ दिवसांची मुदत मिळूं लागली.

असें असतां वयाकडे कांहींच उरत नाहीं काय? उरतें, आणि तें नाकारणें हा दुसऱ्या बाजूचा भाबडेपणा होईल. १८४६ सालीं जॉन हचिन्सन या इंग्लिश वैद्यानें श्वासमापक यंत्र रचून शिपाई, खलाशी, पैलवान, कंगाल अशा दोन हजारांहून अधिक माणसांचा दम मोजला. उंचीबरोबर तो वाढतो आणि वयाबरोबर घटतो, हें त्यानें तेव्हांच दाखविलें. पुढें त्याचें कारणहि उमगलें. वयानुसार फुफ्फुसाचा लवचिकपणा कमी होतो, बरगड्यांचा पिंजरा ताठतो, खोकल्याचा जोर ओसरतो. १९७० मधील एका अभ्यासांत असें दिसलें कीं, साधा श्वास सोडून संपण्याच्या आंतच बारीक श्वासनलिका मिटूं लागणें ही स्थिति बसलेल्या माणसास साधारण पासष्टाव्या वर्षीं येते, आणि उताण्या निजलेल्यास चव्वेचाळिसाव्या वर्षींच. म्हणजे सत्तरीच्या माणसाचीं फुफ्फुसें उताण्या स्थितींत प्रत्येक श्वासागणिक थोडीं मिटतात व थोडीं उघडतात. निरोगी असतां हें त्याला कळतहि नाहीं, कारण शिल्लक पुरेशी असते. जखम, गुंगी आणि कफ यांनीं ती शिल्लक खर्चीं पडली, कीं दिवाळें निघतें. वयाचें खरें स्वरूप हें असें आहे: तें शत्रु नव्हे; ती कमी झालेली शिल्लक आहे. शिल्लक कमी असली म्हणजे मनुष्य बुडतोच असें नाहीं. त्याला खर्च मात्र जपून करावा लागतो.

ही शिल्लक आणि हा खर्च आंकड्यांत मांडण्याचा एक चांगला प्रयत्न २०१० सालीं प्रसिद्ध झाला. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतांतील ५९ रुग्णालयांमधील २,४६४ रोग्यांच्या निरीक्षणावरून कानेत व त्याचे सहकारी यांनीं सात कारणें निवडून त्यांस गुण दिले. निरनिराळ्या शस्त्रक्रियांचे रोगी त्यांत होते. छातीच्या आंत शस्त्र गेलें तर २४. शस्त्रक्रिया तीन तासांहून लांबली तर २३. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ९० किंवा त्याहून खालीं असेल तर २४, ९१ ते ९५ असेल तर ८. मागील महिन्यांत श्वसनमार्गाचा संसर्ग झाला असेल तर १७. रक्तक्षय असेल तर ११. तांतडीची शस्त्रक्रिया असेल तर ८. आणि वय? एक्कावन ते ऐंशीपर्यंत केवळ ३. ऐंशीच्या पुढें १६. एकूण गुण २६ च्या खालीं असणाऱ्यांत शंभरांपैकीं दोघांसहि उपद्रव झाले नाहींत. ४५ किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांत मात्र बेचाळिसांना झाले.

हे आंकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थाच्या छातीवर तीन तासांहून अधिक चालणारी शस्त्रक्रिया झाली, तर त्याचे गुण पन्नास होतात व तो सर्वांत धोक्याच्या वर्गांत जातो; पण त्या पन्नासांत वयाचा वांटा तिनांचाच. उरलेले सत्तेचाळीस शस्त्रक्रियेचे. आणखी पाहा: ऐंशी ओलांडल्याबद्दल सोळा गुण, आणि महिन्याभरांत झालेल्या संसर्गाबद्दल सतरा! जन्मतारीख कोणास बदलतां येत नाहीं. पण खोकला बरा होईपर्यंत शस्त्रक्रियेचा दिवस पुढें ढकलतां येतो, निदान रोग थांबावयास तयार असेल तेव्हां. रक्त वाढवितां येतें. तंबाखूला या सातांत स्वतंत्र स्थान नाहीं, तरी तिचें कर्तृत्व प्राणवायूच्या आंकड्यांतून डोकावत असतें, असें समजण्यास हरकत नाहीं. आणि शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं आठवडे ती सोडल्यानें लाभ होतो, हें आतां सर्वमान्य आहे.

अर्थात् एका कोष्टकानें माणूस मोजला जात नाहीं. फुफ्फुसाचाच भाग काढावयाचा असेल, तर एका सेकंदांत रोगी किती हवा जोरानें सोडूं शकतो, फुफ्फुसांतून रक्तांत वायु किती सहज जातो, आणि कापल्यावर मागें किती फुफ्फुस उरणार, हें पाहिलें जातें. या सर्व यंत्रांच्या बरोबरीनें शल्यवैद्यांची एक जुनी व साधी कसोटी अजून टिकून आहे, ती जिन्याची. छातीच्या विकारांवरील अमेरिकन तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं दिलेल्या नियमांत, २२ मीटरांहून अधिक उंची, म्हणजे सुमारें सात मजले, जिन्यानें चढूं शकणारा रोगी कमी धोक्याचा मानला आहे. तसेंच रोग्याचें वजन घटत चाललें आहे काय, तो आपला आपण उठतो-बसतो काय, घरांत चालतांना भिंतीचा आधार घेतो काय, या गोष्टींस दाखल्यावरील वर्षांपेक्षां अधिक किंमत आहे. पंचाहत्तरीचे दोन वृद्ध एकाच दिवशीं जन्मलेले असूनहि एक रोज पर्वतीच्या पायऱ्या चढतो व दुसरा ओसरीपर्यंत जातांना दोनदां बसतो. त्यांना एकाच मापानें मोजणें हा न्याय नव्हे.

आपल्याकडील कुटुंबांनीं या संदर्भांत आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा. ‘रोगी धूम्रपान करतो काय?’ असें वैद्य विचारतो, आणि आजीबाईंच्या बाबतींत आपण अभिमानानें ‘छे! मुळींच नाहीं’ असें सांगतों. पण ज्या स्त्रीनें चाळीस वर्षें फुंकणीनें चूल फुंकली, जिचें अर्धें आयुष्य लांकूड व शेणी यांच्या धुरांत गेलें, तिचें फुफ्फुस न ओढणाऱ्याचें म्हणावें काय? लांकडाच्या धुरानेंहि श्वासनलिकांचा जुनाट विकार जडतो, हें आतां सिद्ध आहे. त्या धुराची नोंद कोणत्याहि पाकिटावर नसते. ती घरच्या माणसांनींच सांगितली पाहिजे. तिच्या सकाळच्या खोकल्याला आपण वर्षानुवर्षें ‘वयाचा खोकला’ म्हणत आलों, म्हणून तो तपासला गेला नाहीं.

एक आक्षेप येथें येणारच. या सर्व विवेचनाचा अर्थ प्रत्येक वृद्धास मेजावर चढवावें असा होतो काय? मुळींच नाहीं. शिल्लक खरोखरच संपली असेल, तर शस्त्र न धरणें हाच उपकार. आणि स्वतः रोग्यानें सर्व समजून घेऊन नको म्हटलें, तर त्याच्या शब्दापुढें मुलांचा आग्रहहि गौण आहे. पण नकार द्यावयाचा तो हिशेब पाहून द्यावा. दम मोजला काय, रक्त तपासलें काय, तंबाखू सुटून किती आठवडे झाले, श्वासाचे व्यायाम आधीं शिकविले काय, दुखणें आवरून रोग्यास दुसऱ्या दिवशीं उठवून बसविण्याची व्यवस्था आहे काय, हे प्रश्न विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. त्यांचीं उत्तरें मिळाल्यावर ‘नको’ म्हणणें हा विवेक. तीं न विचारतां ‘वय झालें’ म्हणणें हें केवळ वळण.

साउअरब्रुखच्या पेटीपासून कॅटलोनियाच्या कोष्टकापर्यंतच्या या वाटचालींत एकहि पाऊल असें पडलेलें नाहीं, कीं ज्यानें वृद्धास तरुण केलें. जें साधलें तें इतकेंच, कीं जो भार सरसकट वयावर टाकला जात होता त्यांतला पुष्कळसा धुराचा, कफाचा, वेदनेचा, अंथरुणाचा आणि चुकीच्या वेळेचा होता, हें ओळखून तो एकेक करून उतरविला गेला. जो उरला तो वयाचा खरा भार. आणि तो पूर्वीं वाटत होता त्याहून पुष्कळच हलका आहे.